गादीवरचं पहिलं लुगडं

‘ताई, आपल्या दुकानाला स्टोरी पाहिजे.’

गेल्या काही वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी ‘स्टो’ म्हटलं तरी माझं डोकं उठतं. दुकानांची, हॉटेलांची आतली रचना करणं हा माझा धंदा. जळगावात मेहरूणला दोन खोल्यांचं ऑफिस आहे, मागच्या खिडकीतून तलावाचं कोपऱ्याएवढं पाणी दिसतं. येणारा माणूस त्या पाण्याकडे बघतसुद्धा नाही. खिशातून फोन काढतो आणि कुठल्यातरी परदेशी दुकानाचे फोटो दाखवतो. सोन्याच्या दुकानवाल्याला राजवाडा पाहिजे. दातांच्या डॉक्टरला जंगल पाहिजे, म्हणजे पोरं रडणार नाहीत. पोरं त्या जंगलातल्या वाघाला बघून जास्त रडतात ती गोष्ट वेगळी. फैजपूरच्या एका गृहस्थाला आइस्क्रीमच्या दुकानात प्लॅस्टिकची केळीची पानं हवी होती. मागच्या दारातून हात बाहेर काढला तर खऱ्या केळीचं पान हाताला लागेल, अशी त्याची जागा! मी तसं म्हटलं तर म्हणाला, ‘ताई, खरं पान सुकतं.’ आता यावर काय बोलणार, कपाळ?

चिडते मी, पण कामं करते. पोट आहे. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही हे सगळं फार आवडायचं. जागा माणसाला गोष्ट सांगते, यावर माझा अगदी भाबडा विश्वास होता. तो विश्वास कॉलेजात बसला नाही, धुळ्याच्या एका कापड दुकानात बसला, आणि उडालाही तिथंच.

आमचं गाव पिंपळनेर. मी चौथीत असताना मावशीचं लग्न ठरलं आणि बस्त्याला आम्ही धुळ्याला गेलो. लग्नाचा बठ्ठा, म्हणजे सगळाच्या सगळा कपडा, नवरीच्या शालूपासून आत्याबाईंच्या खणापर्यंत, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून एका दिवसात एका दुकानातून घ्यायचा, म्हणजे बस्ता. टेम्पोभर माणसं, शिवाय पोळ्यांचं गाठोडं. दुकान आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत होतं. दाराशी चपला काढायच्या, एक पायरी चढायची की समोर पांढरी गादी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती गादी. आत आल्यावर उभं राहायला जागाच नव्हती, त्यामुळे सगळे आपोआप बसायचे. कुणाच्या पायात भारी चप्पल, कुणाच्या पायात टायरची, ते सगळं पायरीखाली राहायचं.

दुकानाचे मालक गादीच्या टोकाला, कपाटांना पाठ लावून बसलेले. त्यांना सगळा गाव नाना म्हणायचा, मीही तेच म्हणते. पांढरी टोपी, जाड भिंगं आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाला ऐकू जावा. नाना पहिल्यांदा कापड दाखवायचेच नाहीत. पाणी द्यायचे, गाव विचारायचे. ‘पिंपळनेर का? पाऊस कसा आहे तिकडं?’ असं करत करत कोण कुणाची सासू, कुणाचा रुसवा आहे, पैशाची गाठ कुणाच्या कमरेला आहे, सगळं काढून घ्यायचे. मग हळूच माणसं हलवायचे. ‘अक्का, तुम्ही इकडं सरका, वारा लागेल.’ वाराबिरा काही नाही. नवरी खिडकीशी यावी आणि सासू तिच्या बरोबर समोर, म्हणून ती सगळी सरकासरक. पदर अंगावर पडला की नवरीचं तोंड उजेडात. ते तोंड बघून नाना पुढची साडी काढायचे. मागच्या कपाटांपर्यंत गिऱ्हाइकाचा हात पोचत नव्हता, म्हणून प्रत्येक गोष्ट मागायला लागायची. आणि मागायचं म्हणजे बोलायला लागायचं.

पण सगळ्यात आधी देवीचं लुगडं. कुलदेवीसाठी पहिलं वस्त्र निघायचं, त्याला हळदीकुंकवाचं बोट लागायचं, आणि मगच बाकीच्यांनी कापडाला हात लावायचा. ते लुगडं काढताना नानांची एक ढब होती. मान न वळवता हात मागे जायचा, थप्पीतली बरोबर घडी ओढायचा आणि हवेतच असा झटका द्यायचा की सगळं लुगडं गादीवर सरसर पसरायचं. टेम्पोभर माणसं एकदम गप्प व्हायची. मी तर तोंड उघडं टाकून बघत होते. आईनं चिमटा काढला.

नाना काही संत नव्हते हं. मावशीच्या सासूला त्यांनी जी राणी रंगाची साडी गळ्यात मारली, तिचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. आईनं वर्षभर त्यांचा उद्धार केला आणि पुढच्या लग्नाचा बस्ता पुन्हा तिथंच बांधला. ‘लबाड आहे मेला, पण समोर बसवून लुबाडतो,’ असं ती म्हणायची.

पुढं कॉलेजात सर फळ्यावर बाण काढून शिकवायचे, जागा माणसाला कुठं थांबवते, कुठं वळवते. मला प्रत्येक बाणाच्या टोकाला ती गादी दिसायची.

म्हणून दोन वर्षांपूर्वी नानांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. दुकान नवीन करायचं होतं. मागची जागाही घेतली होती, वर दोन मजले चढवायचे होते. मुलगा पन्नाशीचा, सरळ माणूस, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याची अडचण खरी होती. लोक बस्त्याला थेट सुरतेला जायला लागले होते, पोरी फोनवर साड्या मागवत होत्या. तो म्हणाला, ‘ताई, काहीतरी केलं नाही तर दोन वर्षांत शटर ओढावं लागेल. आपल्या दुकानाला स्टोरी पाहिजे.’ मी म्हटलं, ‘भाऊ, तुमच्या दुकानाला आहे स्टोरी. ती फक्त मोडू नका.’

महिनाभर घासून मी आराखडा काढला. वर काउंटर, आरसे, कपडे घालून बघायच्या खोल्या, काय हवं ते. पण तळमजल्यावर गादी. चपलांची पायरी, ती खिडकी, पाठीमागं कपाटं, आणि नाना. नानांचे गुडघे गेले होते, वर चढणं त्यांना जमणार नव्हतं. बस्त्याची मंडळी आधी गादीवर बसतील, देवीचं लुगडं नाना काढतील, मग ज्यांना वर जायचंय ते जातील, असा माझा बेत. मी कागद नानांपुढे पसरला. त्यांनी भिंगं कपाळावर चढवून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘पोरी, यात मी कुठं?’ मी पेन्सिलीनं एक गोल काढून दाखवला. ते म्हणाले, ‘बरंय. टोपी तेवढी काढ त्याला.’ मी टोपी काढली.

मुलानं आराखडा लगेच मान्य केला. इतक्या लगेच कुणी मान्य केलं तर संशय यायला पाहिजे होता. मला कसला येतोय, मी हुरळलेली.

मग कुठून तरी थीमवाले आले. मुलाच्या मेव्हण्यानं आणलेली माणसं. त्यांनी माझी गादी ठेवली, हो, ठेवली. पण तिच्याभोवती गाव उभं केलं. शेणानं सारवल्यासारख्या दिसणाऱ्या रंगाच्या भिंती. एक बैलगाडीचं चाक. एक विहीर, तिच्या तळाशी निळे दिवे. धुळ्यात, जिथं चार मैलांवर खऱ्या विहिरी कोरड्या पडल्यात, तिथं दुकानात निळ्या दिव्यांची विहीर! भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘इथे विणली जातात नाती’. खिडकी बुजवून तिथं खिडकीचं चित्र लावलं, कारण एसीची हवा बाहेर जाते. मी धुळ्याला जाऊन भांडभांड भांडले. मुलगा हात जोडून म्हणाला, ‘ताई, लोकांना हेच आवडतं. फोटो काढतात, टाकतात. नाना बसतील की गादीवर. त्यांनाही करमेल.’

आणि कपाटं? नानांच्या पाठीमागच्या कपाटांत थीमवाल्यांनी जी थप्पी लावली, ती पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याच्या घडीवर वरून हातभर साडीचं कापड गुंडाळलेलं, लांबून बघितलं तर अस्सल. खरा माल सगळा वर, प्रत्येक साडीला पट्टी लावून कॉम्प्युटरमध्ये चढवलेला. खाली ठेवला तर धूळ खातो, हिशेब राहत नाही, म्हणे. मी म्हटलं, ‘भाऊ, निदान चार खऱ्या साड्या तरी ठेवा त्यांच्या हाताशी.’ तो हसला. ‘तिथून कोण घेणारे ताई?’

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! मला तेव्हाच आराखड्यावरचं माझं नाव खोडून टाकावंसं वाटलं होतं.

नानांनी त्या थप्पीबद्दल एक शब्द काढला नाही. उद्घाटनाच्या दिवशी इस्त्रीचं धोतर नेसून गादीवर बसले. लोक आले, त्यांच्या शेजारी बसून फोटो काढून वर गेले. पोरी बोटांचा बदाम करून दाखवायच्या. नाना प्रत्येकाला विचारायचे, ‘गाव कोणतं?’ पण उत्तर येईपर्यंत समोर दुसरं कुणी बसलेलं असायचं. संध्याकाळी मी निघताना त्यांच्या पाया पडले तर म्हणाले, ‘चांगलं झालंय हो. गार आहे.’ पाठीमागं मात्र त्यांनी दिवसभरात एकदाही वळून बघितलं नव्हतं.

दुकान चाललं. खोटं का म्हणू, चांगलं चाललं. मला त्याचंही वाईट वाटलं.

सहा-सात महिन्यांनी ती शेणाच्या रंगाची भिंत पोपडे धरायला लागली, म्हणून मुलानं बोलावलं. भिंत माझी नव्हती, थीमवाल्यांची होती. पण ते फोन उचलत नव्हते, मी उचलते. लग्नसराई तोंडावर होती. पारोळ्यापर्यंत मी स्वतःशीच शिव्या घालत गेले. पोचले आणि विहिरीजवळ उभी राहून पोपडे बघत होते, तेवढ्यात दारात क्रूझर थांबली. साक्रीकडची मंडळी, बोलण्यावरूनच कळत होतं. तरणी माणसं भराभर आत घुसून सरकत्या जिन्याकडे गेली. मागं एक म्हातारी राहिली, नवरीची आजी. हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर. तिनं दारातच चपला काढल्या.

रखवालदार म्हणाला, ‘अक्का, चपला घालूनच या आत. चालतं इथं.’

ती त्याच्याकडे असं बघत राहिली की जणू त्याचं डोकं फिरलंय. ‘गादीवर चपला घालीसन जाऊ?’

आणि ती सरळ गादीवर चढली. समोर लावलेली ‘फोटोसाठी जागा’ ही पाटी तिला वाचता येत नसावी, किंवा वाचून काही वाटलं नसावं. नानांच्या पुढ्यात नीट मांडी घालून बसली. तिच्या मागोमाग दोन-तीन बायका आल्या, त्यांनीही चपला काढल्या. नानांनी मान वर केली.

‘गाव कोणतं अक्का?’ त्यांनी विचारलं. आणि ती सांगायला लागली! गाव, पाऊस, नातीचं लग्न कुठं ठरलं, व्याही कसे, तिच्या स्वतःच्या पोरींचे बस्तेही इथूनच कसे झाले होते. नाना पुढं सरकून ऐकत होते. मधूनच म्हणाले, ‘तुम्ही जरा इकडं या, वारा लागेल.’ खिडकी बुजवलेली, वारा कुठला! मी तोंडावर हात धरून हसत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की बाई गं, चाललं, माझी गादी चालली. मी पिशवीतून फोन काढला, माझ्या कामाच्या फोटोंत हा एक फोटो ठेवायचा म्हणून. कोन साधत होते. भिंतीवरची ती अक्षरं चौकटीत येऊ द्यायची नव्हती.

‘पहिलं देवीनं लुगडं काढ भाऊ,’ म्हातारी म्हणाली. ‘हिरवं सोडीसन कोन्तंबी. आमनी देवीले हिरवं चालत नही.’

मी बघितलं तेव्हा नानांचा हात मागे गेला होता. मान न वळवता, तसाच. मला ओरडावंसं वाटलं. त्यांना माहीत होतं, मी आजही शपथेवर सांगते, पाठीमागं काय आहे ते त्यांना पुरतं माहीत होतं. पण समोर गिऱ्हाईक बसलंय, देवीचं लुगडं मागितलंय. हात थांबतोय होय? बोटांनी घडी धरली, ओढली आणि हवेत तो झटका दिला.

पिवळं कापड हातभर उडालं. त्यातून पुठ्ठा सुटला आणि फाट्‌कन गादीवर पडला, म्हातारीच्या गुडघ्याशी. त्याच्यावर कुठल्याशा पंख्याच्या कंपनीचं नाव छापलेलं होतं.

सरकत्या जिन्याचा घर्र आवाज तेवढा येत होता. म्हातारीनं पुठ्ठा उचलला, उलटसुलट करून बघितला.

‘हाई काय शे भाऊ?’

नानांचा हात अजून तसाच हवेत होता. मला वाटलं म्हातारी भडकेल, आरडाओरडा करेल. केला असता तर बरं झालं असतं. तिनं ते हातभर पिवळं कापड मांडीवर घेतलं, चार बोटांची नीट घडी घातली आणि नानांच्या पुढ्यात ठेवलं. ‘राहू दे भाऊ,’ म्हणाली, अगदी हळू. मग बायकांकडे वळली. ‘चाला वं, उठा.’

देवीच्या नावानं पहिलं वस्त्र मागितलं आणि पोकळ निघालं. आता त्या छपराखाली बस्ता बांधणं नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. वर नवरीनं शालू पसंत केला होता म्हणे. ती रडवेली होऊन खाली आली. मुलगा दोन्ही हातांत खऱ्या साड्या घेऊन जिन्यावरून धावत आला. ‘मावशी, हे बघा, हे देवीला घ्या, असंच घ्या, पैसे नको!’ म्हातारीनं चपला घातल्या. क्रूझर गेली.

मुलगा घामाघूम उभा होता. साड्या खांद्यावर तशाच. मला म्हणाला, ‘बघितलं ना ताई? म्हणून म्हणत होतो, नानांना घरीच ठेवायला पाहिजे होतं.’ मी फोन पिशवीत टाकला. मला भिंतीचे पोपडे सुद्धा धड बघता आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून नाना दुकानात आले नाहीत. महिनाभरानं मुलाचा फोन आला. गादी रिकामी दिसते, फोटोला मजा येत नाही, तिथं फायबरचा माणूस बसवायचाय, टोपीवाला, हात पुढं केलेला. मापं द्याल का? मी म्हटलं, ‘भाऊ, मला नाही जमायचं.’ तो म्हणाला, ‘ठीक आहे ताई,’ आणि दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतलं. माझ्या नाही म्हणण्यानं कुणाचं काही अडलं नाही. तो फायबरचा माणूस आता बसलाय तिथं. टोपी खरी आहे, नानांचीच.

परवा धुळ्याला गेले होते तर नानांना भेटायला घरी गेले. सूनबाईंनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. नाना खाटेवर होते, उघड्या डोक्यानं. इतकी वर्षं मी त्यांना टोपीशिवाय बघितलं नव्हतं. फार लहान दिसत होते. आवाजही बारीक झालेला. मी उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिले, जळगावचं ऊन, रस्त्याचं काम. ते ऐकत नव्हते. मधेच म्हणाले,

‘ती बाई मग गेली कुठं?’

मला लगेच कळलं नाही. ‘कोण नाना?’

‘ती गं. साक्रीकडची. देवीचं लुगडं मिळालं का तिला?’

काय सांगणार होते मी? ती कुठं गेली ते मला काय माहीत. सुरतेला गेली असेल, बाजारात गेली असेल. पण ते असे बघत होते माझ्याकडे की मला राहवलं नाही. म्हटलं, ‘मिळालं ना नाना. मी चौकशी केली होती. तिथंच पुढच्या गल्लीत घेतलं त्यांनी.’

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. उशीला टेकले. ‘चांगलं होतं का?’

‘फार चांगलं. हिरवंगार. जरीच्या काठाचं.’

नानांनी डोळे मिटले.

‘तू तिथंच उभी होतीस ना पोरी,’ ते म्हणाले. ‘त्यांच्या देवीला हिरवं चालत नाही.’

आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी चहाचा कप आत नेऊन ठेवला आणि निघाले.